शॉर्टिया गॅलॅसिफोलिया : एका सदाहरित वनतळ-वनस्पतीच्या शोधाचा इतिहास (इ.स. १७८८ ते १९७३)

सारांश :

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिण अ‍ॅपालाचियन पर्वताच्या पायथ्याशी वाढणारी शॉर्टिया गॅलॅसिफोलिया ही सदाहरित वनस्पती जंगलाच्या तळावर जमिनीलगत पसरते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आन्द्रे मिशो यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिचा नमुना गोळा केला. एसा ग्रे यांनी १८३९ मध्ये तो पॅरिसमध्ये पाहिला आणि १८४२ मध्ये तिला नाव मिळाले. मात्र जिवंत वनस्पती पुन्हा सापडण्यास १८७७ साल उजाडावे लागले. १९७३ मध्ये पूर्ण झालेल्या जोकॅसी जलाशयाने तिच्या मूळ अधिवासाचा मोठा भाग व्यापला. प्रस्तुत निबंधात या घटनाक्रमाचा आढावा घेऊन लिखित नोंद, स्थानिक ज्ञान आणि प्रत्यक्ष स्थळ यांचा परस्परसंबंध तपासला आहे.

बीजसंज्ञा : शॉर्टिया, पर्यावरणीय इतिहास, वनस्पतिसंग्रह, चेरोकी, साधन-चिकित्सा, जलाशय.

प्रस्तावना :

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यासमोर प्रामुख्याने दप्तरे, पत्रव्यवहार, शिलालेख व नाणी येतात. वनस्पतिसंग्रहालयातील कागदावर चिकटवलेला वाळका नमुना हेही एक ऐतिहासिक साधन आहे, याची जाणीव आपल्याकडे उशिरा झाली. अशा नमुन्यावर गोळा करणाऱ्याचे नाव, स्थळ व काळ यांची नोंद असते. म्हणजेच तो एक दस्तऐवज असतो आणि दस्तऐवजाला लागू होणारे साधन-चिकित्सेचे सर्व नियम त्यालाही लागू होतात. नोंद अपुरी असेल, स्थळाचे वर्णन मोघम असेल, तर पुढील संशोधक कित्येक वर्षे चुकीच्या दिशेने जाऊ शकतो. शॉर्टियाचा इतिहास हे त्याचे ठळक उदाहरण होय.

वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात ही कथा 'हरवलेल्या फुलाची कथा' म्हणून सांगितली जाते व तिचा नायक बहुधा एसा ग्रे हेच असतात. त्यांच्या चिकाटीविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ही वनस्पती खरोखर 'हरवली' होती काय, आणि कोणाच्या दृष्टीने हरवली होती, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारणे आवश्यक आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) शॉर्टियाच्या पर्यावरणीय वैशिष्ट्यांचा व तिच्या मर्यादित प्रसाराचा संबंध समजून घेणे.
२) इ.स. १७८८ ते १८८६ या काळातील तिच्या शोधाच्या टप्प्यांचा अभ्यास करणे.
३) मिशो यांच्या दैनंदिनीतील नोंदीची साधन म्हणून चिकित्सा करणे.
४) जलाशयनिर्मितीचा या वनस्पतीवर व तिच्या परिसराच्या इतिहासावर झालेला परिणाम पाहणे.

वनस्पतीचे स्वरूप व पर्यावरण :

शॉर्टिया ही डायापेन्सिएसी या छोट्या कुळातील वनस्पती आहे. स्थानिक लोक तिला 'ओकोनी बेल्स' म्हणजे ओकोनीच्या घंटा असे म्हणतात. ओकोनी हे दक्षिण कॅरोलायनातील एका परगण्याचे नाव आहे. तिची पाने गोलसर, चकचकीत व दातेरी कडांची असून जमिनीलगत गुच्छाने येतात. वर्षभर ती गळत नाहीत, मात्र हिवाळ्यात त्यांवर तांबूस छटा चढते. मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक बारीक दांड्यावर एकच पांढरे, पाच पाकळ्यांचे फूल येते. पाकळ्यांच्या कडा किंचित कातरलेल्या असतात. फुलांचा हंगाम अल्प असतो. तो संपल्यावर उरतात ती केवळ पाने, आणि ती त्याच जंगलात विपुल असणाऱ्या गॅलॅक्स या दुसऱ्या सदाहरित वनस्पतीच्या पानांसारखी दिसतात. 'गॅलॅसिफोलिया' या जातिनामाचा अर्थच 'गॅलॅक्ससारख्या पानांची' असा आहे. बाहेरून आलेल्या शोधकाच्या नजरेतून ती सहज निसटावी, असे तिचे रूप आहे.

दक्षिण कॅरोलायना, उत्तर कॅरोलायना व जॉर्जिया या तीन राज्यांच्या सीमा जेथे जवळ येतात, त्या भागातील मोजक्या दऱ्यांत तिचा मुख्य अधिवास आहे. ब्लू रिज पर्वताचा कडा येथे एकदम खाली उतरतो. दक्षिणेकडून येणारे बाष्पयुक्त वारे या कड्याला अडतात, त्यामुळे काही ठिकाणी वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या ओलसर दऱ्यांमध्ये, ओढ्यांच्या उतरत्या काठांवर, ऱ्होडोडेंड्रॉनच्या दाट सावलीत व आम्लधर्मी मातीत शॉर्टियाचे गालिचे पसरतात.

तिचा प्रसार इतका मर्यादित का, याचे उत्तर तिच्या पुनरुत्पादनात आहे. तिचे बी अत्यंत बारीक व अल्पायुषी असते. ते रुजण्यासाठी सतत ओल असलेली उघडी माती लागते. जंगलाच्या तळावर पानांचा जाड थर साचतो व त्याखाली कोवळी रोपे दबून जातात. ओढ्याच्या तीव्र उताराच्या काठावर मात्र पाचोळा टिकत नाही, म्हणून तेथेच तिला जागा मिळते. एकदा रुजल्यावर ती मुख्यतः जमिनीलगत धावणाऱ्या खोडांनी पसरते. परिणामी तिच्या वसाहती दीर्घकाळ टिकतात, परंतु नव्या ठिकाणी फार सावकाश जातात. सारांश, ही वनस्पती आपल्या दरीशी बांधलेली आहे. हा मुद्दा पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

मिशो यांचा प्रवास व नमुना :

आन्द्रे मिशो (जन्म १७४६) यांना फ्रेंच राजसत्तेने १७८५ मध्ये अमेरिकेस पाठविले. फ्रान्सच्या जंगलांसाठी व उद्यानांसाठी उपयुक्त झाडे मिळविणे हे त्यांचे काम होते. चार्ल्स्टनजवळ त्यांनी रोपवाटिका उभारली व तेथून पर्वतप्रदेशात अनेक प्रवास केले. किओवी नदीच्या उगमाकडील भागात ते १७८७ मध्ये व पुन्हा डिसेंबर १७८८ मध्ये गेले.

हा प्रदेश निर्जन नव्हता. किओवी हे चेरोकी लोकांच्या 'खालच्या गावां'पैकी प्रमुख गाव होते. १७७६ च्या युद्धमोहिमेत ही गावे जाळण्यात आली आणि १७७७ च्या तहाने दक्षिण कॅरोलायनातील जवळजवळ सर्व चेरोकी भूमी राज्याच्या ताब्यात गेली. मिशो तेथे पोहोचले तेव्हा या घटनेला जेमतेम दहा वर्षे झाली होती. त्यांच्या दैनंदिनीत इंडियन वाटाड्यांचा व रहिवाशांचा उल्लेख येतो. कोणत्या वाटेने जावे, नदी कोठे ओलांडावी, हे त्यांना या लोकांकडूनच कळत होते. युरोपीय 'शोधा'मागे स्थानिकांचे वाटाडेपण असते, हे निरीक्षण येथेही लागू पडते.

मिशो १७९६ मध्ये फ्रान्सला परतले. वाटेत हॉलंडच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले, तरी त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग वाचला. पुढे मादागास्कर येथे त्यांचे निधन झाले. उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १८०३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला. त्यात या वनस्पतीचा समावेश नव्हता. तिचा फुलाविना, केवळ पाने व फळ असलेला नमुना पॅरिसच्या संग्रहात अनाम राहिला. त्यावरील स्थळनोंद 'कॅरोलायनाचे उंच पर्वत' एवढीच होती.

नामकरण व निष्फळ शोध :

एसा ग्रे (१८१०-१८८८) हे १८३८-३९ मध्ये युरोपातील वनस्पतिसंग्रह पाहण्यासाठी गेले होते. अमेरिकन वनस्पतींचे मूळ नमुने युरोपात असल्याने अमेरिकन अभ्यासकाला आपल्याच देशातील वनस्पती ओळखण्यासाठी लंडन-पॅरिसला जावे लागत असे. ज्ञानाची साधने एका खंडात व ज्ञानाचा विषय दुसऱ्या खंडात, ही स्थिती भारतीय अभ्यासकांना अपरिचित नाही.

पॅरिसमध्ये १८३९ साली ग्रे यांच्या दृष्टीस हा अनाम नमुना पडला. ही नवीन प्रजाती असल्याचे त्यांनी ओळखले. जॉन टॉरी यांच्यासह त्यांनी १८४२ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि केंटकी येथील वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स विल्किन्स शॉर्ट (१७९४-१८६३) यांच्या सन्मानार्थ तिला 'शॉर्टिया' हे नाव दिले. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते त्या शॉर्ट यांना ती जिवंत पाहता आली नाही, कारण तिच्या पुनर्शोधाच्या चौदा वर्षे आधीच त्यांचे निधन झाले.

येथे एका समकालीन घटनेची नोंद घेणे उचित ठरेल. ग्रे युरोपात संग्रह तपासत होते त्याच १८३८-३९ मध्ये अमेरिकन सैन्याने बहुसंख्य चेरोकी लोकांना त्यांच्या मायभूमीतून पश्चिमेकडे हाकलले. त्या सक्तीच्या स्थलांतरात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. परंतु या पर्वतांतील वनस्पतींना शास्त्रीय नावे मिळत असताना त्या ओळखणारे लोक तेथून नाहीसे केले जात होते, ही वस्तुस्थिती 'हरवलेल्या फुला'च्या कथेत सहसा येत नाही.

ग्रे यांनी १८४१ मध्ये व पुन्हा १८४३ मध्ये उत्तर कॅरोलायनाच्या पर्वतांत शॉर्टियाचा शोध घेतला. १८४१ च्या प्रवासात ते ग्रँडफादर व रोन यांसारख्या उंच शिखरांवर गेले. नमुन्यावरील 'उंच पर्वत' हे शब्द पाहता ही दिशा तर्कसंगतच होती. प्रत्यक्षात वनस्पती होती ती पर्वताच्या पायथ्याकडील, कमी उंचीच्या दऱ्यांमध्ये. समुद्रकिनाऱ्याकडून येणाऱ्या मिशो यांना जो प्रदेश 'उंच पर्वत' वाटला, तो शिखरांचा माग काढणाऱ्या ग्रे यांच्या दृष्टीने पायथ्याचा होता. नोंद खोटी नव्हती. ती सापेक्ष होती. स्थळवाचक शब्दाचा अर्थ लिहिणाऱ्याच्या स्थानावरून ठरवावा लागतो, हा साधन-चिकित्सेचा प्राथमिक नियम येथे निर्णायक ठरतो.

शॉर्टियाचे महत्त्व ग्रे यांच्या दृष्टीने एका फुलापुरते नव्हते. १८५९ मध्ये त्यांनी जपान व पूर्व उत्तर अमेरिका येथील वनस्पतींमधील साम्यावर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. मधल्या विस्तीर्ण प्रदेशात न आढळणारे वनस्पतिगट या दोन दूरच्या प्रदेशांत आढळतात. ते एके काळी उत्तर गोलार्धात सलग पसरलेल्या वनसृष्टीचे अवशेष असावेत, असे प्रतिपादन त्यांनी केले. ग्रे हे डार्विन यांचे पत्रमित्र व समर्थक होते, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. शॉर्टियाचे निकटचे आप्त जपानमध्ये आढळतात. त्यामुळे ही वनस्पती त्यांच्या सिद्धान्ताचा एक बोलका पुरावा होती.

पुनर्शोध (इ.स. १८७७) :

मे १८७७ मध्ये जॉर्ज हायम्स या सुमारे सतरा वर्षांच्या मुलाला उत्तर कॅरोलायनातील मॅरियन गावाजवळ, कॅटॉबा नदीच्या काठी एक अपरिचित फुललेली वनस्पती दिसली. त्याचे वडील मॉर्डेकाय हायम्स हे स्टेट्सविल येथील वॉलेस ब्रदर्स या जडीबुटींच्या व्यापारी पेढीसाठी वनस्पती गोळा करण्याचे काम पाहत. मुलाने आणलेली वनस्पती त्यांना ओळखता आली नाही. सुमारे दीड वर्षाने तिचा नमुना ऱ्होड आयलंडमधील जोसेफ काँग्डन यांच्याकडे गेला व त्यांच्यामार्फत ग्रे यांच्यापर्यंत पोहोचला. पॅरिसमधील नमुना पाहिल्यापासून जवळजवळ चाळीस वर्षांनी, १८७८ च्या अखेरीस, ग्रे यांनी शॉर्टियाचे फूल प्रथम पाहिले, तेही वाळलेले.

पुढील वर्षी, १८७९ मध्ये, ग्रे यांनी चार्ल्स सार्जंट, विल्यम कॅन्बी इत्यादी सहकाऱ्यांसह त्या स्थळाला भेट दिली. हायम्स यांनीच त्यांना ती जागा दाखविली. तेव्हा फुलांचा हंगाम संपला होता. ग्रे यांचे जानेवारी १८८८ मध्ये निधन झाले. मूळ अधिवासात फुललेली शॉर्टिया पाहण्याची संधी त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही.

या पुनर्शोधाचे श्रेय विद्यापीठीय मोहिमेला जात नाही, तर जडीबुटींच्या व्यापाराला जाते. मुळ्या व पाने गोळा करून उपजीविका करणारे लोक त्या जंगलात वर्षानुवर्षे फिरत होते. एखादी वनस्पती 'नेहमीची नाही' हे ओळखण्याची नजर त्यांच्याकडे होती, तिचे शास्त्रीय महत्त्व सांगण्याचे साधन मात्र नव्हते. ग्रे यांची स्थिती नेमकी उलट होती. दोहोंमध्ये पत्रव्यवहाराचा दुवा निर्माण झाला तेव्हाच शोध पूर्ण झाला.

मिशो यांची मूळ जागा व दैनंदिनीची चिकित्सा :

मॅरियनजवळची वसाहत मुख्य अधिवासापासून बरीच दूर व एकाकी आहे. पी. ए. डेव्हिस यांनी १९५२ मध्ये तिचे वर्णन आखूड कुक्षिवृंत असलेला वेगळा प्रकार म्हणून केले आणि अलीकडील काही अभ्यासक तिला स्वतंत्र जातीचा दर्जा देतात. म्हणजे १८७७ मध्ये सापडली ती मिशो यांची जागा नव्हती. ती जागा सापडली १८८६ च्या शरद ऋतूत. सार्जंट हे मिशो यांनी नोंदविलेल्या एका मॅग्नोलियाच्या शोधात किओवीच्या उगमाकडे गेले असता त्यांना शॉर्टियाची पाने मिळाली. दुसरेच काही शोधत असताना हा शोध लागला, हे उल्लेखनीय आहे.

मिशो यांच्या दैनंदिनीची हस्तलिखिते त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये फिलाडेल्फियातील अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीला दिली होती. सार्जंट यांनी ती १८८९ मध्ये छापून प्रसिद्ध केली. डिसेंबर १७८८ च्या नोंदींत मिशो यांनी किओवीच्या उगमाजवळील जागेचे तपशीलवार वर्णन केले आहे. उंच पर्वतांतून धबधब्यांच्या रूपाने येणारे दोन मोठे प्रवाह एका लहान मैदानात मिळतात व तेथे पूर्वी चेरोकींचे गाव होते, असा त्याचा आशय आहे. याच संदर्भात दातेरी पानांच्या एका नव्या झुडपाचा उल्लेख असून, त्याची पाने चघळल्यास रुचकर लागतात व चुरगाळल्यास सुगंध येतो, असे तेथील इंडियनांनी सांगितल्याचे मिशो लिहितात.

हे वर्णन शॉर्टियाचे आहे, असे सार्जंट यांनी मानले व ते मत दीर्घकाळ रूढ राहिले. परंतु येथे अडचण आहे. सुगंध व रुची हे शॉर्टियाच्या पानांचे परिचित गुण नव्हेत. त्याच जंगलात जमिनीलगत वाढणारी विंटरग्रीन ही दुसरी सदाहरित वनस्पती मात्र याच गुणांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिचे तेल औषधातही वापरले जाते. त्यामुळे दैनंदिनीतील नोंद विंटरग्रीनची असण्याची शक्यता अधिक वाटते. म्हणजेच जागा बरोबर, परंतु जागा ज्या वाक्याच्या आधारे निश्चित केली गेली ते वाक्य बहुधा दुसऱ्याच वनस्पतीविषयी, असा हा प्रकार आहे. योग्य निष्कर्षामुळे त्यामागील पुरावा योग्य ठरत नाही, हे तत्त्व इतिहासाच्या विद्यार्थ्यांना शिकविताना या उदाहरणाचा उपयोग व्हावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. या नोंदीतील वनस्पती कोणतीही असो, तिचे गुण मिशो यांना सांगितले ते तेथील रहिवाशांनी. त्यांना ही झुडपे माहीत होती. त्यांची नावे मात्र दैनंदिनीत आलेली नाहीत.

जलाशय व अधिवासाचा ऱ्हास :

पुनर्शोधानंतर उद्यानप्रेमींकडून शॉर्टियाला मागणी आली व जंगलातून रोपे उपटून नेली गेली. तथापि खरा आघात विसाव्या शतकात झाला. ड्यूक पॉवर कंपनीने किओवी-टॉक्सावे वीजप्रकल्पांतर्गत प्रथम किओवी जलाशय व नंतर जोकॅसी जलाशय निर्माण केला. सुमारे ११७ मीटर उंचीचे जोकॅसी धरण १९७३ मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी सुमारे ७५०० एकरांवर पसरले. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ३३८ मीटर आहे, आणि शॉर्टियाच्या दाट वसाहती नेमक्या याच पातळीखालील ओढ्यांच्या काठांवर होत्या. मिशो यांनी वर्णिलेला दोन प्रवाहांचा संगमही आज पाण्याखाली आहे.

किओवी जलाशयाखाली चेरोकींच्या किओवी गावाची जागा व १७५३ मध्ये ब्रिटिशांनी बांधलेला फोर्ट प्रिन्स जॉर्ज ही स्थळे गेली. पाणी चढण्यापूर्वी किल्ल्याच्या जागी पुरातत्त्वीय उत्खनन करण्यात आले. म्हणजे मानवी इतिहासाची काही नोंद तरी घाईने घेतली गेली. वनतळावरील वसाहतींच्या बाबतीत नुकसान भरून काढणे अधिक कठीण होते. वर पाहिल्याप्रमाणे या वनस्पतीचे बी अल्पायुषी असते व नवी जागा मिळविण्याचा तिचा वेग अत्यंत मंद असतो. पाणी काही महिन्यांत चढते; शॉर्टियाला उतार चढून जाण्यास पिढ्या लागतात. वरच्या ओढ्यांमध्ये तिच्या वसाहती शिल्लक राहिल्या, म्हणून ती नामशेष झाली नाही.

उरलेल्या अधिवासाच्या संरक्षणासाठी पुढे प्रयत्न झाले. जलाशयाच्या काठी १९९१ मध्ये डेव्हिल्स फोर्क राज्य उद्यान खुले झाले. तेथील एका पायवाटेला ओकोनी बेलचेच नाव देण्यात आले आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वीज कंपनीच्या मालकीची मोठी वनजमीन दक्षिण कॅरोलायना राज्याकडे आली आणि १९९९ मध्ये उत्तर कॅरोलायनात गॉर्जेस राज्य उद्यान स्थापन झाले.

निष्कर्ष :

१) शॉर्टिया ही निसर्गातून कधीच हरवली नव्हती. ती हरवली होती विद्यापीठीय वनस्पतिशास्त्राच्या नोंदींतून. 'शोध' व 'पुनर्शोध' हे शब्द वापरताना ते कोणाच्या दृष्टिकोनातून वापरले जात आहेत, हे स्पष्ट केले पाहिजे.

२) मोघम स्थळनोंद व ती लिहिणाऱ्याच्या स्थानाकडे झालेले दुर्लक्ष यांमुळे शोधाची दिशा चुकली. वनस्पतिसंग्रहातील लेबल हेही चिकित्सेस पात्र असे साधन आहे.

३) सार्जंट यांनी दैनंदिनीतील वर्णन शॉर्टियाचे मानले, तरी पानांचे गुण पाहता ते विंटरग्रीनला अधिक लागू पडते. रूढ मतही मूळ साधनाशी ताडून पाहणे आवश्यक आहे.

४) चेरोकी वाटाडे व जडीबुटी गोळा करणारे हायम्स पितापुत्र यांच्या ज्ञानाशिवाय हा इतिहास घडला नसता. तरीही वनस्पतीच्या शास्त्रीय नावात स्थान मिळाले ते तिला कधीही न पाहिलेल्या व्यक्तीला.

५) शॉर्टियाच्या पर्यावरणीय मर्यादा व जलाशयाची पातळी यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय १९७३ च्या हानीचे स्वरूप समजत नाही. वनस्पतीचे जीवनचक्र हा पर्यावरणीय इतिहासकाराच्या अभ्यासाचा भाग असला पाहिजे.

ज्या वनस्पतीला शोधण्यासाठी विज्ञानाने जवळजवळ चाळीस वर्षे वेचली, तिचे घर सापडल्यानंतर शंभर वर्षांच्या आत त्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. या वेळी माहितीची उणीव नव्हती. वनस्पतीचे नाव, ठिकाण, दुर्मीळपणा, सर्व काही ज्ञात होते. ज्ञान झाले म्हणजे संरक्षण झाले, असे आपण बहुधा गृहीत धरतो. शॉर्टियाचा इतिहास या गृहीतकाचा फेरविचार करावयास लावतो.